हुमणी, तांबेरा आणि उधारीची वही

कागल तालुक्याच्या शेतीत कीडनाशकांचे स्थान समजून घ्यायचे असेल, तर प्रयोगशाळेतील निष्कर्षांइतकाच कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर रोज होणारा व्यवहारही पाहावा लागतो. कारण कोणते रसायन, किती प्रमाणात आणि कोणत्या दिवशी शिवारात जाईल याचा बहुतेक निर्णय तेथेच, पाच-दहा मिनिटांच्या बोलण्यात होतो. प्रस्तुत लेखन अशा एका केंद्रावर निविष्ठांची, म्हणजे बियाणे, खते आणि कीडनाशके यांची, विक्री करण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या विक्रेत्याच्या अनुभवावर आधारलेले आहे. त्यात येणाऱ्या माणसांची नावे हेतुतः दिलेली नाहीत आणि प्रसंगांचा कालानुक्रमही काटेकोर पाळलेला नाही. ज्या वस्तूच्या खपावर विक्रेत्याचा प्रपंच चालतो त्याच वस्तूविषयीचे हे निवेदन आहे, ही मर्यादा वाचकाने आरंभीच ध्यानात घेतलेली बरी.

दूधगंगा, वेदगंगा आणि चिकोत्रा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला हा तालुका एके काळी ज्वारी, भुईमूग, भात आणि निपाणीच्या बाजारपेठेकडे जाणारी तंबाखू यांचा होता. दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणाचे पाणी आणि कागल, बिद्री, हमीदवाडा येथील सहकारी साखर कारखाने यांमुळे बागायत वाढली आणि उसाने बाकीच्या पिकांना बाजूला सारले. पीकसंरक्षणाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ मोठा आहे. आडसाली म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये केलेली लागण, त्यानंतरची पूर्वहंगामी आणि सुरू लागण, शिवाय तुटलेल्या उसाचा खोडवा, अशी उसाची पिढी एकामागून एक रानात उभीच राहते आणि किडीला उपाशी राहावे लागेल असा महिना वर्षभरात उरत नाही. ज्वारीच्या काळात सुगी झाली की रान मोकळे होई, उन्हाळी नांगरटीत मातीतील अळ्या-कोष वर येत आणि पाखरे ते वेचून खात. ते काम करणारे कोणी आता राहिले नाही, आणि त्याची जागा डब्या-बाटल्यांनी घेतली.

कीडनाशक ही संज्ञा येथे तिच्या व्यापक अर्थाने घेतली आहे. किडी मारणारी कीटकनाशके, बुरशीचा बंदोबस्त करणारी बुरशीनाशके, तण मारणारी तणनाशके आणि उंदरांसाठीची विषे हे सारे कायद्याच्या दृष्टीने एकाच कुळातील पदार्थ होत. त्यांची गरज किती, हा प्रश्न शहरात चर्चेचा असला तरी गावात तसा नसतो. जगभरातील पिकांच्या उत्पादनापैकी ४० टक्क्यांपर्यंतचा वाटा दरवर्षी कीड-रोगांमुळे वाया जातो, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. आणि हे नुकसान रसायने वापरूनही होते, हे विशेष. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्यावरील करप्याने पीक बुडवले तेव्हा त्या बुरशीवर कोणाकडेच उपाय नव्हता, आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये द्राक्षांसाठी तयार झाले ते १८८० च्या दशकात. मे २०२० मध्ये टोळधाड मध्य प्रदेशातून विदर्भात उतरली, तेव्हा रात्री झाडांवर बसलेल्या टोळांवर फवारणी करण्यापलीकडे प्रशासनाच्या हाती दुसरे काही नव्हते. अशा वेळी रसायन नको म्हणणारा माणूस बांधावर सहसा दिसत नाही.

तरीही पैशाच्या मानाने सर्वांत मोठे संरक्षण कोणत्या रसायनाने दिले, असे विचारल्यास जुना विक्रेता फवारणीच्या कोणत्याच औषधाचे नाव घेणार नाही. तो ज्वारीच्या बियाण्याला चोळायच्या गंधकाच्या भुकटीचे नाव घेईल. काणी हा ज्वारीचा रोग बियाण्याला चिकटून येणाऱ्या बुरशीमुळे होतो. कणसात दाण्यांच्या जागी काळ्या भुकटीच्या पुड्या भरतात आणि मळणीत ती भुकटी पुन्हा चांगल्या बियाण्यावर बसते. पेरणीपूर्वी किलोभर बियाण्याला चार ग्रॅम गंधक चोळले की हे चक्र तुटते. एकरभर पेरणीला लागणारे गंधक चिमूटभरच म्हणावे इतके थोडे, त्याची किंमत जेमतेम चहाइतकी, आणि त्यावर विक्रेत्याला सुटणारे पैसे नगण्य. पुढे ज्वारीच गेली आणि तिच्याबरोबर ती पुडीही फळीवरून गेली. सोयाबीनच्या बियाण्यालाही बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीपूर्वी बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मासारखी उपयुक्त बुरशी चोळणे, तितकीच फायद्याची ठरते. परंतु तिचा आग्रह धरणारा ग्राहक आजही विरळा आहे, आणि आग्रह धरून ती विकणारा दुकानदार त्याहून विरळा.

उसाच्या पट्ट्यात विक्रेत्याची खरी परीक्षा हुमणी घेते. हुमणी म्हणजे एका जातीच्या भुंग्याची मातीत राहणारी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी, पांढुरकी अळी. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की मातीतील भुंगे तिन्हीसांजेला बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमून पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि माद्या पुन्हा मातीत जाऊन अंडी घालतात. अंड्यांतून निघालेली लहान अळी सुरुवातीला कुजका पालापाचोळा आणि बारीक मुळ्या खाते. दोनदा कात टाकून ती मोठी झाली, म्हणजे साधारण ऑगस्टपासून पुढे, की उसाची मुळेच कुरतडते. पाने पिवळी पडतात, बेट हाताने ओढले तरी उपटून येते आणि मुळाशी उकरले तर एकेका बेटाखाली अळ्यांचा घोळका सापडतो. वर्षाकाठी एकच पिढी होत असल्याने हुमणीचे वेळापत्रक पंचांगाइतके ठरलेले असते, आणि तरीही दरवर्षी ती शेतकऱ्याला अचानक आल्यासारखी वाटते.

गणेशोत्सवाच्या सुमारास उपटलेले बेट मोटारसायकलला बांधून दुकानात येणारे शेतकरी या व्यवसायातील प्रत्येकाने पाहिलेले आहेत. मागणी एकच असते : “भारीतलं औषध द्या, पैशाचं बघू नका.” त्या वेळी अळी पूर्ण वाढलेली असते, ती मुळांच्या खाली खोल असते आणि तिच्या अंगाला बाधेल इतके औषध तेवढ्या खोलीवर पोचवायचे तर सरीत प्रचंड पाणी द्यावे लागते. औषध कितीही महाग असले तरी लहान अळी जेवढ्या मात्रेने मरते तेवढ्याने मोठी मरत नाही. जूनअखेर किंवा जुलैत, अळी पहिल्या अवस्थेत असताना केलेली आळवणी, म्हणजे बुडाशी द्रावण ओतणे, निम्म्या खर्चात अधिक परिणाम देते. पण जुलैत ऊस हिरवागार असतो, कीड डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या शत्रूसाठी खर्च करायला सांगणाऱ्या दुकानदाराविषयी गिऱ्हाइकाच्या मनात शंका येते. ती शंका निराधार असते असेही म्हणता येणार नाही, कारण गरज नसताना विकलेल्या मालाचा अनुभव त्याच्या गाठीशी असतोच.

हुमणीवर वर्षानुवर्षे फोरेट हे दाणेदार कीटकनाशक लागणीच्या सरीत टाकले गेले. त्याचा उग्र वास दुकानात शिरताच ओळखू येई आणि ते हाताळणाऱ्या मजुरांना मळमळ, डोकेदुखी होई, हे कोणापासून लपलेले नव्हते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १८ कीडनाशकांवर बंदीचा आदेश काढला. त्यांपैकी १२ तत्काळ बंद झाली आणि फोरेटसह उरलेली ६, ३१ डिसेंबर २०२० पासून. फोरेट गेल्यावर उसाचे काही खरे नाही, असे त्या वेळी अनेक विक्रेते म्हणत होते. ऊस उभाच राहिला. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड यांचे जोडमिश्रण, तसेच मेटारायझियम ही अळीच्या अंगावर वाढून तिला मारणारी बुरशी, यांनी ती जागा भरून काढली. मेटारायझियमने मेलेली अळी आधी पांढरी आणि मग हिरवी होऊन कडक होते. पण त्याला ओलावा लागतो, शेणखतात मिसळून वेळेवर टाकावे लागते आणि परिणाम दिसायला आठवडे जातात. ‘मारलं की पडलं पाहिजे’ अशी अपेक्षा असलेल्या गिऱ्हाइकाला ते पटवणे सोपे नाही. शिवाय उन्हात तापलेल्या पत्र्याच्या गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पाकिटात जिवंत बुरशी किती उरते, हा प्रश्न विक्रेत्याने स्वतःला विचारायचा असतो.

भुंगे गोळा करणे हा यावरचा जुना आणि बिनखर्ची उपाय. पहिल्या पावसानंतर सलग काही रात्री गावाने मिळून झाडे हलवली, खाली पडलेले भुंगे रॉकेलच्या पाण्यात टाकले आणि प्रकाश सापळे लावले, तर एका मादीबरोबर तिची सगळी अंडी संपतात. अडचण दोन प्रकारची आहे. एक, नदीकाठच्या काही रानांत आढळणाऱ्या हुमणीच्या दुसऱ्या जातीचे, ल्युकोफोलिसचे, भुंगे पाला खायला झाडांवर फारसे जमत नाहीत. आणि दुसरी, एकट्याने आपल्या बांधावरचे झाड हलवून भागत नाही. शेजाऱ्याच्या झाडावरचा भुंगा बांध ओळखत नाही. ज्या वर्षी एखाद्या गावातील तरुण मंडळाने हे काम मनावर घेतले त्या वर्षी त्या गावची हुमणीच्या औषधाची मागणी उतरली, हे विक्रेत्याला वहीवरून कळले. दुसऱ्या वर्षी मंडळ दुसऱ्या कामात गुंतले आणि मागणी पूर्ववत झाली.

या सर्व काळात विक्रेत्याच्या समजुतीला सर्वांत मोठा धक्का दिला तो उसावरील लोकरी माव्याने. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात प्रथम मोठ्या प्रमाणावर आढळलेली ही कीड पाठोपाठ कोल्हापूर, सातारा आणि सीमेपलीकडे बेळगाव भागात पसरली. पानाच्या खालच्या बाजूला, मध्यशिरेच्या दोन्ही अंगांना, कापसासारखी पांढरी मेणचट लोकर अंगावर घेतलेले हे मावे दाटीने बसत आणि रस शोषत. त्यांच्या अंगातून पाझरणारा चिकट गोड द्रव खालच्या पानांवर पडे आणि त्यावर काळी बुरशी वाढून अख्खा फड काजळल्यासारखा दिसे. वाऱ्याबरोबर आणि वाड्याबरोबर, म्हणजे जनावरांसाठी नेलेल्या उसाच्या शेंड्यांबरोबर, कीड गावोगाव गेली. दुकानासमोर रांगा लागल्या. जे औषध हाती असेल ते विकले गेले, परगावाहून माल मागवावा लागला आणि व्यवसायाच्या हिशेबाने तो हंगाम फार मोठा ठरला.

परिणाम मात्र निराशाजनक होता. दहा-बारा फूट वाढलेल्या, लोळलेल्या उसात पाठीवरचा पंप घेऊन शिरताच येत नसे. बांधावरून उंच नळीने मारलेले औषध वरच्या पानांवर पडे आणि कीड असे पानांच्या पाठीमागे, त्यातही लोकरीखाली. दोन-दोन, तीन-तीन फवारण्या करून थकलेले शेतकरी औषध बनावट असल्याचा आरोप करू लागले. औषध बनावट नव्हते. ते किडीपर्यंत पोचतच नव्हते. त्याच सुमारास कारखान्यांच्या ऊसविकास विभागांकडून, कृषी विद्यापीठाकडून आणि पुण्याजवळच्या मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून सल्ला येऊ लागला की फवारणी थांबवावी आणि माव्यात फिरणाऱ्या अळ्या जपाव्यात. डिफा नावाच्या पतंगाची अळी लोकरी मावा खाऊन जगते, तर मायक्रोमस या जाळीदार पंखांच्या कीटकाची पिल्लेही माव्यावरच वाढतात. या मित्रकीटकांची पैदास शेडनेटमध्ये करून ती फडांत सोडण्यात आली आणि ईशान्य भारतातून आणलेली एन्कार्सिया ही माव्याच्या शरीरात अंडी घालणारी बारीक गांधीलमाशीही नंतर त्यांच्या जोडीला आली. ज्या फडात औषध मारले होते तेथे माव्याबरोबर, किंबहुना माव्याआधी, हे मित्रकीटक मेले होते. दोन-तीन हंगामांत कीड आटोक्यात आली. तिचा जोर ओसरण्यात दुकानातून गेलेल्या डब्यांचा वाटा फार थोडा होता, हे कबूल करायला या व्यवसायातील माणसाला काही वर्षे लागली.

त्यानंतर गिऱ्हाइकाशी होणाऱ्या बोलण्यात एक फरक पडला. कोणती कीड, हे विचारण्याआधी पीक किती दिवसांचे आहे, पान उलटे करून पाहिले का, आणि त्यावर दुसरे काही फिरताना दिसले का, हे प्रश्न विचारले जाऊ लागले. उसाच्या खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा या किडींची अंडी नष्ट करणाऱ्या परजीवी कीटकाने ग्रासलेली अंडी चिकटवलेले कागदी पट्टे, दुकानात ठेवले गेले. त्यांचे आयुष्य काही दिवसांचेच असते, त्यामुळे न खपलेले कार्ड म्हणजे निव्वळ तोटा. आणि कार्ड लावल्यावर लगेच फवारणी केली तर गिऱ्हाइकाचाही तोटा. बहुतेक दुकानांत ते आजही सांगून मागवावे लागते, यात नवल नाही.

रसायनाविना भागत नाही अशी उलट बाजूही याच शिवाराने दाखवली. सोयाबीनवरील तांबेरा हा बुरशीजन्य रोग कृष्णा-पंचगंगा-दूधगंगेच्या पट्ट्यात वारंवार येतो, कारण ऑगस्ट-सप्टेंबरमधील झिमझिम पाऊस, गारवा आणि पानांवर दिवसभर राहणारी ओल त्याला मानवते. पानाखाली तांबूस भुकटी दिसते, हात लावला की बोटाला लागते आणि मग आठवडा-दीड आठवड्यात सगळी पाने गळून नुसत्या काड्या राहतात. शेंगा लागलेल्या असतात, पण दाणा भरत नाही. हेक्झाकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल यांसारख्या आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरून आतून काम करणाऱ्या, बुरशीनाशकाची फवारणी रोगाच्या अगदी सुरुवातीला किंवा लक्षण दिसण्याआधी झाली तर पीक वाचते. एकाच बांधाच्या दोन बाजूंना, एकाने वेळेत फवारलेले आणि दुसऱ्याने न फवारलेले सोयाबीन ज्याने पाहिले आहे, त्याला कीडनाशकांची उपयुक्तता वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पुढे सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्रातून ‘फुले अग्रणी’ आणि ‘फुले संगम’ हे तांबेऱ्याला प्रतिकारक असे वाण आले आणि फवारण्यांची संख्या कमी झाली. बियाण्याच्या पिशवीने बुरशीनाशकाच्या बाटलीचे गिऱ्हाईक घेतले, आणि दोन्ही एकाच दुकानातून विकली जात असल्याने तो बदल निदान कोणाला दुखावून गेला नाही.

दुकानात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न मात्र या सगळ्यांहून साधा असतो : “पंपाला किती घालू?” या एका प्रश्नात कीडनाशकांच्या अपयशाचा बराच भाग दडलेला आहे. शिफारस ही क्षेत्रावर असते. हेक्टरी इतके मिली औषध साधारण ५०० लिटर पाण्यातून, असे लेबलवर लिहिलेले असते. त्याचा अर्थ एकरी सुमारे २०० लिटर, म्हणजे १५ लिटरचे तेरा पंप. प्रत्यक्षात फवारणीची मजुरी अनेकदा पंपावर ठरते आणि मालक पंप मोजतो, म्हणून एकर सहा-सात पंपांत उरकला जातो. पंपाला घालायचे माप तेच राहिल्याने एकरी औषध निम्म्यावर येते, पानाची खालची बाजू कोरडीच राहते आणि अर्धवट मात्रा खाऊन वाचलेल्या किडी पुढची पिढी वाढवतात. अशा उरलेल्या किडींतून रसायनाला दाद न देणारी प्रजा तयार होण्याला प्रतिकारशक्ती येणे म्हणतात. मग पुढच्या खेपेला दोनऐवजी तीन टोपणे, किंवा दोन औषधे एकत्र. आणि तेही चालले नाही तर नवे नाव. नवे नाव म्हणजे नवे औषध असतेच असे नाही. एकाच घटकाची चार कंपन्यांची चार रंगांची खोकी फळीवर शेजारी शेजारी असतात, आणि ‘ते मारून झालं, आता दुसरं द्या’ म्हणणाऱ्याच्या हाती तेच रसायन पुन्हा पडू शकते. बाटलीवरच्या मोठ्या अक्षरांतील नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेला घटक वाचून दाखवणे, एवढे काम विक्रेत्याने केले तरी पुष्कळ झाले.

ते काम न होण्याचे कारण उधारीच्या वहीत आहे. आडसाली ऊस तुटायला सोळा-अठरा महिने लागतात; ऊस तुटल्यावर १४ दिवसांत बिल मिळावे असा नियम असला तरी तोवरचा सगळा खर्च सोसायटीचे कर्ज आणि दुकानाची उधारी यांवर चालतो. उधारीवर घेणारा शेतकरी भाव करत नाही, पर्याय विचारत नाही आणि पावतीही मागत नाही. दुकानदाराला कंपनीकडून ठरावीक माल उचलण्याची सक्ती असते, खप झाला तर सहलीचे आमिष असते, खताच्या पोत्याबरोबर कोणते तरी टॉनिक गळ्यात मारण्याची पद्धत असते. कीड पाहून औषध ठरण्याऐवजी गोदामात काय पडून आहे यावर ते ठरू लागते. जो शेतकरी रोखीने घेतो आणि बॅच क्रमांक व मुदतीची तारीख असलेली पावती मागतो, त्याच्याशी दुकानदार अधिक सावधपणे बोलतो, हे या व्यवसायातील उघड गुपित आहे. माल निकृष्ट निघाला तर नुकसानभरपाईचा दावा त्याच पावतीवर उभा राहतो, ही गोष्ट शेतकऱ्यांना दुकानदारांनी सांगावी अशी अपेक्षा करणे थोडे भाबडेपणाचे ठरेल. म्हणून ती येथे सांगितली आहे.

या व्यापारावर कायद्याचे नियंत्रण आले त्याला कारण अन्नच होते. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक जहाजावर खाद्यपदार्थांत मिसळून शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आकाराला आला. परवाना, साठ्याची नोंद, खाद्यपदार्थांपासून वेगळी साठवण आणि डब्यावरचा त्रिकोण ही त्याची दृश्य रूपे होत. लाल त्रिकोण अत्यंत विषारी, पिवळा त्याहून कमी, मग निळा आणि शेवटी हिरवा, अशी ही उतरंड आहे. काउंटरवर बसणाऱ्या माणसाला मात्र दीर्घकाळ कोणत्याही शिक्षणाची अट नव्हती. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेने २००३ मध्ये विक्रेत्यांसाठी सुरू केलेला ४८ आठवड्यांचा ‘देसी’ अभ्यासक्रम अनेकांनी उशिरा, कित्येकांनी केस पिकल्यावर पूर्ण केला. तेथे कीड ओळखण्याबरोबर विषबाधेची लक्षणेही शिकवली जातात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा कागलसारख्या दूरच्या तालुक्यातही काही दिवस हातमोजे आणि मास्क विकले गेले. पुढे ते पुन्हा फळीवर धूळ खात राहिले, कारण ऑक्टोबरच्या उन्हात मास्क लावून पाठीवर पंप वाहणे किती कठीण आहे हे सल्ला देणाऱ्याने अनुभवलेले नसते. एकटा, अवेळी, पिकाचे नाव न सांगता लाल त्रिकोणाची बाटली मागणारा माणूस आला, तर माल संपला आहे असे सांगून त्याला चहाला बसवायचे आणि घरी कोणाला तरी कळवायचे, ही रीत मात्र कोणत्याही अभ्यासक्रमाविना या व्यवसायात रुजलेली आहे.

तणनाशकांचा विषय वेगळ्या लेखाचा आहे. येथे एवढेच नोंदवायचे की कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीने तरुण हात कारखान्यांकडे ओढले, भांगलणीला बायका मिळेनाशा झाल्या आणि तणनाशक ही चैनीची वस्तू राहिली नाही. मात्र उसातील रुंद पानांच्या तणांसाठी वापरलेले टू-फोर-डी वाऱ्याने शेजारच्या वांग्या-टोमॅटोवर गेले की पाने आकसतात, आणि मग बांधावरची भांडणे दुकानापर्यंत येतात. त्यांचा निवाडा करण्याइतके अवघड काम या व्यवसायात दुसरे नाही, कारण दोन्ही पक्ष गिऱ्हाईक असतात आणि बहुधा भाऊबंदही.

ऊस आणि सोयाबीन यांना मधल्या प्रक्रिया असतात. माळवे, म्हणजे भाजीपाला, मात्र थेट ताटात जाते, आणि तेथेच या विक्रेत्याच्या मनातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. प्रत्येक कीडनाशकाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यावेत हे लिहिलेले असते. काहींना तीन दिवस, काहींना आठवडा किंवा त्याहून अधिक. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर ती जून होऊन फेकावी लागते. वांग्यावर शेंडे आणि फळे पोखरणारी अळी कायम असते आणि तोडाही सतत चालू असतो. अशा पिकात आठवडा थांबायचे म्हणजे तीन तोड्यांचे पैसे सोडायचे, आणि न फवारायचे म्हणजे किडके वांगे बाजारात न्यायचे, ज्याला व्यापारी हातही लावत नाही. युरोपने २०१० मध्ये वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे महाराष्ट्रातील द्राक्षे नाकारली, त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षबागांत अवशेषांची तपासणी कितीतरी काटेकोर झाली, कारण तेथे खरेदीदार अहवाल मागतो. कागलच्या बाजारात किंवा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात भेंडीचा दर तिच्या हिरवेपणावर आणि कोवळेपणावर ठरतो. कोणते औषध कोणत्या दिवशी मारले, हे विचारणारे गिऱ्हाईक तेथे नाही. भाजीपाल्यावर वापरायला मनाई असलेले मोनोक्रोटोफॉस ‘कपाशीसाठी’ म्हणून, जेथे कपाशीचे रान शोधूनही सापडत नाही अशा तालुक्यात मागितले जाई, तेव्हा नाही म्हणणाऱ्या दुकानाचे गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाई. फेरोमोन सापळे, किडके शेंडे खुडून टाकणे, कमी मुदतीची नवी औषधे आणि तोडा झाल्याच्या संध्याकाळीच फवारणी, एवढे उपाय सांगता येतात आणि सांगितले जातात. त्यांतील सापळे काही जण नेतात. शेंडे खुडायला माणूस मिळत नाही. नवी औषधे जुन्यांच्या कितीतरी पट महाग पडतात, आणि भेंडीचा दर पडलेल्या आठवड्यात ती कोणीच मागत नाही.